मार बसलेला दगड

पूर्वाचा फोन आला तेव्हा मी एका सरदाराची मान तोडत होतो. दर रविवारी अकराच्या सुमारास, लंडनच्या टॉवरबाहेरच्या टेकडीवर, जिथे पूर्वी लाकडी मंच उभारून माणसं मारत, तिथे उभा राहून मी ती तोडतो. पहिला घाव नीट बसत नाही, सरदार मान वळवून जल्लादाकडे बघतो, दुसरा, तिसरा घाव, तरी मान धडावरच. मग जल्लाद कुऱ्हाड फेकून देतो, गर्दी खवळते, त्याला कुऱ्हाड पुन्हा उचलायला लावते, आणि शेवटी काम सुरीने पुरं करावं लागतं. मी कुऱ्हाड फेकण्यापाशी आलो होतो आणि खिशात फोन थरथरला. टूर चालू असताना मी फोन घेत नाही, पण पडद्यावर नाव ‘हणमंत घर’ असं होतं आणि त्या घरातून दीड वर्षात मला फोन आलेला नव्हता. “काका, पूर्वा बोलते. बाबा गेला. फ्रायडेला सकाळी.” “फ्युनरल वेन्सडेला आहे. आई म्हणते, काकांना सांग. आणि मला तुम्हाला एक गोष्ट विचारायचा आहे. फोनवर नाही.” मी बरं म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. समोर अठरा-वीस जण माकडटोप्या घालून उभे होते. पुढच्या रांगेतल्या एका काकांना राहवलं नाही. “मग? मेला का शेवटी?” त्यांनी विचारलं. “मेला,” मी म्हणालो.

बाबा म्हणजे हणमंत. शैलावहिनींचा नवरा, लंडनमध्येच वाढलेल्या पूर्वाचा बाप, हातोडी आणि छिन्नीने या शहरातले जुने वाडे-राजवाडे दुरुस्त करणारा माणूस आणि माझा मित्र. होता म्हणायची सवय अजून व्हायची आहे.

माझं काम सांगितल्याशिवाय त्याचं सांगता येणार नाही. मी पस्तीस वर्षं लंडनमध्ये आहे, आठवडाभर एका बँकेच्या कॉम्प्युटरपुढे बसायचो आणि रविवारी मराठीतून शहर दाखवायचो. बँक सुटली, रविवार सुटला नाही. येणारे बहुतेक इथे नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, पायांत सुनेने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट आणि पिशवीत घडीच्या पोळ्या. ते राजवाडे बघायला येतात आणि मी त्यांना खून दाखवतो. टॉवरची टेकडी, स्मिथफील्डचा चौक, वेस्टमिन्स्टर, व्हाइटहॉल… जुन्या राजधानीत चांगली इमारत आहे आणि तिच्या पायाशी कोणाला मारलेलं नाही, असं फारसं नसतं. राजांची नावं मी घेत नाही. नावं पाट्यांवर आहेत, पाट्या वाचा, असं सांगतो. मी घाव सांगतो. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की लोक टॉयलेट विसरतात, असं माझ्याबद्दल वेम्बलीत म्हटलं जायचं आणि मला त्याचा अभिमान होता.

पंधरा वर्षांपूर्वी मिरजेहून शैलावहिनींची आई आली होती. वहिनी इथे नर्स, त्यांची ड्यूटी, म्हणून जावई सासूबाईंना घेऊन माझ्या टूरला आला. काळा, बुटका, रुंद खांद्यांचा, डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर तुटलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि हा भिंतीकडे. मी म्हणत होतो, “हा नऊशे वर्षांपूर्वीचा दगड…” आणि मागून आवाज आला, “ह्यो न्हाई.” मी म्हटलं, अहो, किल्ला नऊशे वर्षांचा आहे. “किल्ला असंल की. ह्यो दगड न्हाई. करवतीच्या खुणा बघा. मशीनची करवत हाय ही.” मला भयंकर राग आला. वीस जणांपुढे मला कोणी दुरुस्त करावं, ही सवय मला नव्हती. पण तिथे एक पहारेकरी उभा होता, त्याला मी तोऱ्यात विचारलं, आणि तो म्हणाला, बरोबर आहे, हा तुकडा त्याच्या डोळ्यांदेखत बसवलेला आहे. हणमंत हसला नाही, काही नाही. सासूबाईंना बाटलीतलं पाणी दिलं आणि पुढच्या दगडाकडे गेला.

टूर संपल्यावर मीच त्याला थांबवलं. तो तेव्हा ईलिंग रोडवरच्या एका दुकानात तांदळाच्या गोणी उचलायचा. “आम्ही वडार,” तो म्हणाला. “आमच्या घरात दगड आधी आला, माणसं मागनं.” मी म्हटलं, या देशात दगड घडवायला कॉलेजात शिकवतात. त्याला ते खरं वाटेना. दगड फोडायला कॉलेज? आठवडाभराने आम्ही दोघांनी बसून फॉर्म भरला. पूर्वानुभव या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं तर म्हणाला, “लिही, जन्मापासनं.” मी तसंच लिहिलं. मुलाखतीत त्याच्या हातात छिन्नी दिली आणि बाकी काही विचारायची वेळ त्यांच्यावर आली नाही. दोन वर्षांत तो जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला आणि मग मी ज्यांच्या बाहेर उभा राहून बडबडायचो, त्या इमारतींच्या परांचीवर हणमंत असायचा.

त्याच्यामुळे मी शहाणा झालो आणि माझ्यामुळे तो, असं म्हणायला मला आवडतं, पण ते अर्धंच खरं आहे. त्याच्या प्रश्नांनी माझी पंचाईत व्हायची. मी जल्लादाचं सांगितलं की तो विचारायचा, कुऱ्हाडीला धार कोणी लावली? बोथट का ऱ्हायली? स्मिथफील्डला माणसाचे चार तुकडे केले की त्याला हवं असायचं की नंतर चौक कोणी धुतला. “रक्त दगडात मुरतंय, आरू. चुनखडीचा दगड तर पितोच. वरनं धुतलं तर वरचं जातंय.” मला तो आरू म्हणायचा. अरविंद त्याला लांब वाटायचं. टूरवरचे लोक, हा गवंडीकाम करतो असं कळलं की, हमखास एक वाक्य टाकायचे… टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. तो ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला, “देवपण दगडाला येतंय, मावशी. घाव घालणाऱ्याला खोकला येतो.” मावशी हसल्या. मीही हसलो. तो खोकला तेव्हाच सुरू झालेला होता.

दगडाशी तो कधी दांडगाई करायचा नाही, पण मारायचा मात्र जोरात. त्याला काम करताना मी पुष्कळदा पाहिलं. हातोडी उचलली की चेहरा बदलायचा, ओठ आत जायचे, डोळे बारीक, आणि घाव असा पडायचा की बघणाऱ्याचं पोट आत जावं. घरी तो बोलताना आवाज चढवायचा नाही. सगळी मारामारी त्या दगडावर. त्याला मी विचारलं होतं, राग कोणावर काढतोस रे? “ते दगडाला ठाव हाय,” म्हणाला.

त्याचा एक नियम होता आणि तो मला शिकवायला त्याला मजा यायची. स्मिथफील्डला एका भिंतीवर पहिल्या महायुद्धातल्या बॉम्बच्या तुकड्यांनी पडलेले खड्डे आहेत. बोट आत जाईल एवढे. मी म्हटलं, इतक्या वर्षांत बुजवले का नाहीत? त्याने ते तुटकं बोट एका खड्ड्यात घातलं. “मार बसला म्हणून दगड काढायचा न्हाई. भार पेलतोय ना, मग ऱ्हाऊ द्यायचा. पेलत नसंल तेव्हाच बदलायचा, आन् तेवढाच.” मग म्हणाला की नवीन पोरांना घाई असते. जरा टवका उडाला की नवा दगड मागतात. सगळाच नवा बसवला तर राजवाडा कुठला उरला?

व्हाइटहॉलची गोष्ट त्याने पहिल्यांदा ऐकली ती एका जानेवारीत. तिथे जुन्या राजवाड्याचं एक मोठं दालन तेवढं शिल्लक आहे. त्याच्या खिडकीतून एका राजाला बाहेर मंचावर आणलं आणि त्याचं डोकं उडवलं, तेही त्याच्याच प्रजेने. त्या दिवशी हाडं गोठवणारी थंडी होती. राजाने सकाळी कपडे घालताना दोन शर्ट मागितले. एकावर थंडीने कापलो तर लोकांना वाटेल भ्यालो, म्हणून दोन. एवढं बोलून मी नेहमी थांबतो, बायका च् च् करतात, आणि मग मी कुऱ्हाड काढतो. घाव एकच, स्वच्छ. हणमंतने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला की राजाला बघणारा दगड आता बाहेरून दिसत नाही, वरचं कातडं नंतर बदललेलं आहे. लोक पांगल्यावर आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो. डब्यात वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी होती. “शाना होता राजा,” तो म्हणाला. “त्याला टाइम मिळाला. माझ्या बापाला शर्ट घालायलाबी टाइम मिळाला न्हाई.” आणि मग त्याने मला त्याच्या वडिलांचं सांगितलं.

खाणीत सुरुंग उडाला आणि त्याचे वडील गेले, हणमंत तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि तिथेच कामाला होता, एवढंच मी इथे लिहिणार आहे. त्याने मात्र सगळं सांगितलं. मुकादम काय म्हणाला, वडील कसे चालत गेले, आवाज, आणि त्यानंतर हणमंतने काय केलं ते. भाकरी तशीच राहिली. शेवटी म्हणाला, “हे शैलालाबी पुरं सांगितलेलं न्हाई. तू गोष्टी सांभाळतोस, म्हणून तुला सांगितलं.” गोष्टी सांभाळतोस! एवढा मोठा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता आणि मी तो कसा सांभाळला ते आता सांगायचं आहे. या लेखातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, आणि ते टाळून त्याच्यावर चार गोड वाक्यं लिहिण्यापेक्षा मी लेखच लिहिला नसता.

पुढच्याच हिवाळ्यात एका रविवारी स्मिथफील्डला माझी टूर कोसळत होती. वारा, पाऊस, एका आजोबांचे गुडघे, एका काकूंना सुनेचा सारखा फोन. मी माणसाचे चार तुकडे केले तरी कोणाचं लक्ष नाही. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात तसं मी बोलून गेलो, “एवढ्या लांब कशाला जाता? माझा एक मित्र आहे, त्याच्या वडिलांचं…” नाव घेतलं नाही, हे माझं त्या वेळचं समाधान. सगळे वळले. सुनेचा फोन बंद झाला. एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. अशी शांतता मला राजांनीसुद्धा कधी मिळवून दिली नव्हती, आणि मला तिची चटक लागली. दुसऱ्या रविवारी पुन्हा सांगितलं. मग दर रविवारी. हळूहळू मी त्यात भरही घातली. त्याच्या आईच्या तोंडी एक वाक्य घातलं, जे ती बिचारी कधी बोलली नव्हती. संध्याकाळचं ऊन घातलं. नदीकाठच्या बाकावर जे चार मिनिटांत झालं होतं, ते माझ्याकडे बारा मिनिटं चालायचं.

हणमंत रविवारी झोपायचा. आठवडाभर परांचीवर चढून थकलेला असायचा. त्यामुळे तो कधी येईल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण तो एकदा आला, मला न सांगता, बहुतेक मला खूश करायला. मी स्मिथफील्डच्या त्या खड्डे पडलेल्या भिंतीकडे पाठ करून उभा होतो आणि गोष्टीच्या मध्यावर होतो, तेव्हा तो गर्दीच्या मागे दिसला. त्याच्या हातात कागदी पिशवी होती, त्यात गरम वडापाव, ईलिंग रोडवरून माझ्यासाठी आणलेला. मी थांबलो. तो गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि अगदी हळू विचारलं, “किती रविवार?” मला कळलं तो काय विचारतोय. मी म्हणालो, “आजच. शप्पथ.” आणि तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई, अतिशय सज्जन, माझी बाजू घ्यायला म्हणून बोलल्या, “नाही हो, आमच्या विहीणबाई गेल्या वर्षी आल्या होत्या, त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं, ते खाणीतल्या घमेल्याचं ऐकल्याशिवाय परत येऊ नका म्हणून.”

हणमंतने पिशवी खाली ठेवली. फेकली नाही, वाकून, भिंतीच्या कडेला नीट ठेवली. मग त्याने मला मारलं. चेहरा अगदी तसा, ओठ आत, डोळे बारीक. मूठ तोंडावर बसली आणि माझं डोकं मागच्या दगडावर आपटलं. तोंडात रक्ताची चव, जिभेवर काहीतरी टोकदार… समोरच्या दाताचा अर्धा तुकडा होता तो. बायका किंचाळल्या. कोणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं. मी हाताने नको, नको केलं. मला वाटलं तो पुन्हा मारेल, आणि खरं सांगतो, मारावं असं मला वाटत होतं. त्याने हात उचललाही होता. पण तो हात तसाच धरून तो म्हणाला, “माझा बाप एकदाच मेला व्हता, आरू. तू त्याला दर रविवारी मारतोस.” मग त्याला खोकल्याची उबळ आली. तो भिंतीला धरून वाकला, बराच वेळ खोकत राहिला, आणि आम्ही दोघं त्या भिंतीपाशी वाकून उभे, एकाच्या तोंडातून रक्त आणि दुसऱ्याच्या तोंडातून श्वास निघत नाही, असे. मग तो निघून गेला. वडापाव तिथेच राहिला. मी तो उचलून घरी आणला आणि खाल्ला नाही.

त्यानंतर ती गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पण न सांगणं म्हणजे माफी मागणं नव्हे. मेसेज पाठवले, वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. दिवाळीला चिवडा करून स्टेशनवर वहिनींच्या हाती दिला. डबा परत आला तो घासून, पुसून, रिकामा. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चार दाणे साखरेचे घालतात. वहिनी खाली बघून म्हणाल्या, “ह्यांनी स्वतः धुतला, भाऊजी. मला हात लावू दिला नाही.” दात बसवायला मी डेंटिस्टकडे गेलो होतो. खुर्चीत बसलो, त्याने टोपी बसवायचं म्हटलं, आणि मी उठून आलो. चावता येतंय, बोलता येतंय… भार पेलतोय ना, मग राहू द्यायचा. लोक विचारायचे तर बर्फावरून घसरलो म्हणून सांगायचो.

तो इतका आजारी आहे हे मला कोणी कळवलं नाही, आणि कळवायचं कारणही मी ठेवलं नव्हतं. फुप्फुसांत दगडाची धूळ बसली होती. डॉक्टर म्हणाले की ही इथली नाही, इथे मास्क असतात, पाण्याचे फवारे असतात. ही तिकडची, खाणीतली, पोरवयापासून ओढलेली. म्हणजे त्या खाणीने बापाला एका क्षणात मारलं आणि मुलाला अडतीस वर्षं लावली. तिने दोघांनाही सोडलं नाही, या विचाराने मला अजूनही कोणाला तरी मारावंसं वाटतं. कोणाला, ते कळत नाही.

बुधवारी क्रेमेटोरियममध्ये त्याच्या कंपनीतले आठ-दहा गोरे गडी आले होते. काळे सूट आणि नखांत न निघणारी पांढरी धूळ. त्यातला एक म्हातारा माझ्यापुढे येऊन तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दातवाला तूच ना?” मी मान हलवली. “तो सांगायचा आम्हाला. त्याचा हात चुकला म्हणायचा. दगडावर त्याचा हात कधी चुकला नाही.” हात चुकला म्हणजे मारायला नको होतं, की नीट बसला नाही… मी विचारलं नाही. दोन्ही त्याला शोभण्यासारखं होतं.

मग सगळे वेम्बलीच्या फ्लॅटवर आलो. लोक गेल्यावर वहिनींनी चहा टाकला. पूर्वा स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलापाशी माझ्यासमोर बसली. वीस वर्षांची पोर, बापासारखेच रुंद खांदे. “काका, मी विचारू? हॉस्पिटलमध्ये लास्ट वीक, वॉर्ड खूप गरम होता. नर्सेस पण फॅन लावत होत्या. आणि बाबा रोज म्हणायचा, मला दोन शर्ट घाल. एकावर एक. मी म्हटली, बाबा, थंडी वाजतो का? तो म्हणाला, न्हाई. मी म्हटली, मग का? तर बोलायला त्रास होत होता त्याला… तो म्हणाला, आरूला विचार. सांगायचं काम त्याचं आहे.”

चहा उकळत होता आणि वहिनी पाठ करून उभ्या होत्या. मी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल, शेकडो वेळा, थांबे ठरलेले, कुठे आवाज खाली आणायचा तेही ठरलेलं. त्या टेबलापाशी मला पहिलं वाक्य सापडेना. शेवटी मी म्हणालो, एक राजा होता आणि त्याला मारायला नेत होते. थंडी होती. तो कापला असता तर लोकांना वाटलं असतं की भ्याला. म्हणून त्याने दोन शर्ट घातले. पूर्वा माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे बाबा घाबरला होता?” हो, मी म्हणालो. “पण मला दिसला नाही तसं.” मी म्हटलं, त्यासाठीच बेटा, तुला दिसू नये म्हणून. ती रडली नाही लगेच. हाताची मूठ केली आणि टेबलावर मारली. एकदा, दोनदा, कप उडेपर्यंत. मी तिला थांबवलं नाही.

मग वहिनी गॅस बंद करून वळल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता, तो तेव्हाही चढला नाही. “आता सासऱ्यांचंही सांगा, भाऊजी. बाहेर सगळ्यांना माहीत आहे. विहीणबायांना माहीत आहे. आमच्या घरात माहीत नाही.” मला वाटलं होतं की स्मिथफील्डला माझा हिशेब पुरा झाला. तो तेव्हा झाला नव्हता. मी सांगितलं. आईच्या तोंडचं ते खोटं वाक्य काढलं, संध्याकाळचं ऊन काढलं. हणमंतने बाकावर सांगितलं होतं तेवढंच, त्याच्याच शब्दांत. चार मिनिटं लागली. माझे हात कापत होते आणि मला लपवायला काही नव्हतं. संपल्यावर वहिनी म्हणाल्या, “लिहायचं असेल तर ह्यांच्यावर लिहा. हे मात्र नको.” म्हणून ते इथे नाही, आणि वाचणाऱ्याने माझ्याकडून ते मागू नये.

त्यानंतरच्या रविवारी मी व्हाइटहॉलला उभा होतो. बावीस जण होते. मी खिडकी दाखवली आणि सांगितलं की एका राजाला इथून बाहेर आणून मारलं. पुढे बोललो नाही. लोक वाट बघत होते. कोणीतरी फोटो काढला. मग नगरच्या एका निवृत्त मास्तरांनी, वेळ जावा म्हणून असेल, विचारलं, “तुमचा दात कसा हो तुटला?” बर्फावरून घसरलो, हे वाक्य तोंडाशी आलं होतं. “मित्राने मारलं,” मी म्हणालो. सगळे जवळ सरकले. ती शांतता आली, तीच, मला ओळखीची, आणि मला माहीत होतं की आता मी काय सांगितलं तर हे लोक महिनाभर जेवताना बोलतील. मास्तर म्हणाले, “का मारलं?” मी म्हटलं, माझी चूक होती. आणि चला म्हणालो, पुढे वेस्टमिन्स्टर आहे, उशीर होतोय. ते थोडे हिरमुसले. नदीकडून वारा येत होता आणि एक बाई म्हणाल्या की तुम्हाला थंडी कशी वाजत नाही, आमचे तर दात वाजताहेत. मी हसलो. कोटाच्या आत मी दोन शर्ट घातले होते.